आईच्या माथी मारलेलं रक्त

सातवीच्या वर्गात फळ्यावर मी 'समांतर' लिहीत होते. पहिली अक्षरं नीट उमटली, शेवटचा र मात्र खाली घसरत फळ्याच्या चौकटीपर्यंत गेला. खडू हातातून पडला. उचलायला वाकले तर बोटं मिटेनात. मागे वर्ग हसला. मी वळून काहीतरी बोलले आणि हसणं एकदम थांबलं. काय बोलले ते मला आजही माहीत नाही. शेजारच्या वर्गावरच्या बाई धावत आल्या. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, माझं तोंड पाहिलं आणि शिपायाला ओरडून टॅक्सी थांबवायला सांगितलं. लालबागच्या आमच्या शाळेपासून परळचं रुग्णालय तसं जवळ. पण त्या दिवशी पुलाखाली टॅक्सी अडकली, आणि मी डाव्या हाताने उजवा हात मांडीवर धरून बसले, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

मला सिकल सेलचा आजार आहे. रक्तातल्या लाल पेशी गोल असतात, माझ्या विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकून बसतात. अडकल्या की हाडं दुखतात. ते दुखणं मी सांगत नाही, कारण सांगून कुणाला कळत नाही. पण मेंदूतली नस तुंबेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. छत्तीस वर्षांची होते मी.

हात दोन-तीन दिवसांत बराचसा परतला. जीभही सुटली. त्याआधी, दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी माझं रक्त काढून नेलं. त्यातली एक नळी बर्फात खोचून नेली, तेव्हा मी मुद्दाम विचारलं. रक्त काढणारी म्हणाली, "होमोसिस्टीन आहे, ताई. बाहेर ठेवलं तर आकडा आपोआप वाढतो." मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. मग माझ्या अंगातलं बरंचसं रक्त काढून त्या जागी दुसऱ्यांचं भरलं. अनोळखी माणसांचं रक्त आत जाताना पाहत मी पडून होते. मला छान वाटत होतं.

रिपोर्ट घेऊन रक्तविकारांच्या डॉक्टर आल्या. माझ्याच वयाच्या, केस घट्ट बांधलेल्या, कॉटच्या कडेला बसून बोलणाऱ्या.

"होमोसिस्टीन पंधराच्या आत असावं लागतं. तुमचं एक्केचाळीस आहे."

"म्हणजे काय?"

"शरीरात तयार होणारं एक द्रव्य आहे. फॉलिक ॲसिड आणि बी-ट्वेल्व्ह ते साफ करतात. साठलं तर नसांच्या आतल्या अस्तराला त्रास होतो, रक्त गोठायला मदत होते. सिकलमध्ये ते अस्तर आधीच खरवडलेलं असतं. फॉलिक घेता ना?"

"लहानपणापासून. एक दिवस चुकवलेली नाही."

"दिसतंय ते. पण बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नाहीच. मासे, अंडी?"

"नाही."

"दूध?"

"पचत नाही."

"घरी शाकाहारी आहेत?"

"नाही. घरी सगळे खातात. फक्त मी आणि आई खात नव्हतो."

त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "म्हणजे मासे सोडल्यामुळे झालं हे?"

"असं मी लिहून देणार नाही. सिकलच्या पेशंटला झटका तसाही येऊ शकतो. काहींचं होमोसिस्टीन नीट खाऊनपिऊनही वाढलेलं असतं. एवढंच म्हणेन की ही एक गोष्ट आपल्या हातात होती."

मला ते उत्तर आवडलं नाही. मला एक नाव हवं होतं, आणि ते नाव माझ्याकडे तयार होतं.

बाबांची थोरली बहीण. माझी आत्या. आमचं घराणं जुनं मुंबईकर. पणजोबा कचेरीत कारकून, कधीकाळी वरळीकडे थोडी जमीन, गिरगावात घर. पुढच्या पिढ्या बँकांत आणि कंपन्यांत गेल्या. बाबा बँकेत होते. त्यांची बदली तीन वर्षांसाठी चंद्रपूरला झाली आणि तिकडून ते आईला घेऊन आले. आत्या तेव्हाच म्हणाली होती की एवढ्या मुंबईत एक मुलगी मिळू नये? आत्या दादरला राहायची, शिवाजी पार्काच्या बाजूला. मोठ्या कंपनीत अधिकारी होती. तिच्या शब्दापुढे आमच्याकडे कुणी जात नसे, बाबा तर नाहीच.

माझा आजार सहाव्या वर्षी कळला. डॉक्टरांनी विचारलं, आईकडे कुणाला आहे का? आईच्या मावसभावाचा मुलगा असाच गेला होता. बस्स. त्या दिवसापासून आमच्या घरात एक वाक्य राहायला आलं. तुझ्या माहेरचं आलं. आत्या ते ओरडून म्हणायची नाही, भाजी मागावी तशी म्हणायची. मला ताप आला की तुझ्या माहेरचं. परीक्षेला बसता आलं नाही की तुझ्या माहेरचं. आतेबहिणीच्या मुलीच्या बारशाला आईने बाळ मांडीवर घेतलं, तर आत्या म्हणाली, "पाळण्यात ठेव गं, तुझ्या अंगावर नको." बाळ पाळण्यात गेलं. आईने हात पदराला पुसले. त्या हातांना काहीही लागलेलं नव्हतं.

मी बारा वर्षांची असताना फार मोठा क्रायसिस, म्हणजे हाडांच्या दुखण्याचा तडाखा, आला. दोन आठवडे रुग्णालयात होते. घरी आल्यावर आत्या प्रभादेवीच्या कुठल्याशा महाराजांकडून निरोप घेऊन आली. दोष मातृघराण्याचा आहे, आईने आणि मुलीने मांसमच्छी, अंडं सोडावं, जन्मभर. आई म्हणाली, "बरं, वन्सं."

बाकीच्यांनी काही सोडलं नाही. आमच्या घरात माशाशिवाय रविवार होत नसे. आई चंद्रपूरची, तिने कोळंबी सोलायला आणि बोंबील साफ करायला लग्नानंतर शिकून घेतलं होतं आणि ती ते आत्यापेक्षा चांगलं करायची. सगळ्यांना वाढायची. मग आम्ही दोघी वरणभात घेऊन बसायचो. मला तळलेल्या पापलेटचा वास सहन व्हायचा नाही, एवढा आवडायचा. आई माझ्या पानात लोणच्याची फोड वाढायची आणि माझ्याकडे बघायची नाही.

आणि क्रायसिस आला की ती माझे पाय मांडीवर घेऊन बसायची. गरम पाण्याची पिशवी फिरवायची आणि हळू आवाजात म्हणायची, "माफ कर गं बाळा. माझ्यामुळे." प्रत्येक वेळी. मी दुखण्याने विव्हळत असायचे आणि माझी आई माझी माफी मागत असायची.

ती गेली त्याला पाच वर्षं झाली. हृदय बंद पडलं, दुपारी, तांदूळ निवडताना. तिच्या मागे मी मासे खायला मोकळी होते, पण खाल्ले नाहीत. तिने पाळलं ते मी कसं मोडू, असं वाटायचं. असा तो एक्केचाळीसचा आकडा तयार झाला.

डिस्चार्जच्या आधी डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्या फाईलमध्ये नुसतं सिकल लिहिलंय. पण पेशी फार लहान आहेत, हिमोग्लोबिनचा ए-टू प्रकार वाढलेला आहे. मला हे सिकल-बीटा थॅलॅसिमिया वाटतं. म्हणजे एका बाजूने सिकलचा जीन, दुसऱ्या बाजूने थॅलॅसिमियाचा. वडील आहेत ना? त्यांचं रक्त तपासून घेऊ."

"एका बाजूने म्हणजे?"

"हा आजार एकट्या आईकडून होतच नाही. कुठलाही प्रकार असला तरी दोघांकडून यावा लागतो. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

मी शिकलेली बाई. मुलांना गणित शिकवते. इतक्या वर्षांत मी कधी हे वाचलं नाही, कारण मला वाचायचंच नव्हतं. आजारावर काही दिसलं की मी पान उलटायचे. हा दोष माझा, तो मी दुसऱ्या कुणावर घालत नाही.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं की तुमचं रक्त द्यायचंय. ते पेपर वाचत होते.

"माझं कशाला? मी ठणठणीत आहे."

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"बघू पुढच्या आठवड्यात."

पुढचा आठवडा गेला. मग म्हणाले, पाय दुखतोय. मग म्हणाले, या वयात सुया नकोत. चौथ्या वेळी मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "बाबा, उद्या सकाळी आठ वाजता. टॅक्सी सांगितली आहे."

त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ काच पुसत राहिले. मग म्हणाले, "नको जायला. काय येणार ते मला माहीत आहे."

मी खुर्ची आणखी पुढे ओढली.

"तू सहा वर्षांची होतीस तेव्हाच दोघांचं रक्त घेतलं होतं. रिपोर्ट आणायला मी एकटाच गेलो. डॉक्टरांनी समजावलं, तुमच्याकडून हे, पत्नीकडून ते. तुमच्या भावंडांचंही तपासून घ्या, म्हणाले. मी तो कागद घेऊन आधी ताईकडे गेलो."

"आईकडे नाही?"

"ताईच्या मुलीचं लग्न ठरत होतं. ताई म्हणाली, आपल्या घराण्याच्या रक्तात काही आहे असं बाहेर गेलं तर कोण मुलगी करेल? हे आपल्या दोघांत राहू दे."

"आणि आई?"

"मला वाटलं, लग्न झालं की सांगू. मग... मग ते राहूनच गेलं."

राहून गेलं. गॅसचा नंबर लावायचा राहून जातो तसं. पंचवीस वर्षं माझी आई त्यांच्यासमोर ते वाक्य ऐकत होती. माझे पाय चेपताना माझी माफी मागत होती. दाराबाहेर खुर्चीत बसून त्यांना ते ऐकू जात होतं, कारण आमचं घर दोन खोल्यांचं होतं.

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. रडू येत नव्हतं. आत काहीतरी गार आणि नीट बसलं. त्या दिवसापासून मला बदला घ्यायचा होता. दुसरा शब्द शोधून पाहिला; नाही सापडला.

सहा महिन्यांनी आत्याच्या नातीचा साखरपुडा होता, दादरच्या एका हॉलमध्ये. मी तो दिवस पक्का केला. पण त्याआधी एक काम होतं. ही नात म्हणजे माझ्या आतेबहिणीची मुलगी, जिला आईच्या मांडीवरून उचललं होतं तीच. सव्वीस वर्षांची, माझ्यावर जीव असलेली. तिच्या लग्नाआड मी आले असते तर आत्याने माझ्या आईला जे केलं तेच मी त्या पोरीला केलं असतं. शिवाय आत्याच्या हातात सबब राहिली असती. म्हणून मी तिला प्रभादेवीला तिच्या ऑफिसखाली भेटले आणि सगळं सांगितलं.

"ओके," ती म्हणाली. "मग टेस्ट करू. तो पण करेल, त्यात काय."

चार दिवसांत दोघांचे रिपोर्ट आले. तिच्यात थॅलॅसिमियाचा जीन होता, मुलाचं रक्त साफ होतं. म्हणजे त्यांच्या होणाऱ्या मुलांना आजाराची भीती नाही. मुलाने घरी आईवडिलांना लगेच सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं बघून घेतलं. एवढंच. एका बाईला पंचवीस वर्षं जाळून जे लपवलं, त्याची किंमत त्या घरात चहाच्या एका कपाइतकीही निघाली नाही.

पण त्या पहिल्या भेटीत माझ्या आईचं ऐकल्यावर त्या मुलीचे डोळे भरले होते. "आजीला माहीत होतं?" एवढंच विचारलं तिने. मग टॅक्सीत बसताना म्हणाली, "मावशी, तू काय करणार ते मला कळतंय. माझ्या साखरपुड्यात नको हं. प्लीज. नंतर काय ते कर."

मी हो म्हटलं. म्हणतानाच मला माहीत होतं की मी पाळणार नाही. नंतर एवढी माणसं एका जागी कधी जमली असती?

आत्याला मात्र एक संधी दिली. साखरपुड्याच्या आठ दिवस आधी तिच्या घरी गेले. ती सोफ्यावर ताठ बसली होती, ऐंशीला टेकलेली, तरी इस्त्रीची साडी. बाबांचं रक्त मी शेवटी तपासून घेतलं होतंच; त्या रिपोर्टची प्रत मी तिच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "हॉलमध्ये सगळे काका-काकू असतील. तुम्ही स्वतः सांगायचं, की हे आपल्या घरातूनही आलं होतं आणि माझ्या आईवर खोटा आळ घेतला. दोन वाक्यं. नाहीतर मी सांगेन."

तिने कागदाला हात लावला नाही. "धमकी द्यायला आलीस? अगदी आईवर गेलीस."

"नाही, आत्या. आईवर गेले असते तर बरं वन्सं म्हटलं असतं. मी अर्धी तुमच्यावर गेलेय. रिपोर्टमध्ये लिहिलंय."

मी खाली आले तेव्हा माझ्या पायांत बळ होतं, कितीतरी दिवसांनी.

साखरपुड्याला मी आईची हिरवी साडी नेसून गेले. बाबा सोबत होते. त्या दिवसांत मी त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. हॉलमध्ये शिरल्यापासून मला काहीतरी चमत्कारिक वाटत होतं. लोक माझ्याशी फार हळू बोलत होते, फार गोड. एका काकांनी माझा हात हातात घेऊन विचारलं, "ओळखलंस का मला?" मी त्यांना गेल्या दिवाळीत भेटले होते. एक काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "काळजी घे हो. तुझी आत्या सांगत होती, झटक्याने डोक्यावर परिणाम झालाय, मधेच काहीबाही बोलतेस. लोकांनी मनाला लावून घेऊ नये म्हणाली."

मी समोर पाहिलं. आत्या पहिल्या रांगेत बसून सनईच्या तालावर मान हलवत होती. आठ दिवसांत तिने सगळ्यांना फोन केले होते. आता मी उभी राहून काय बोलले असते? जे बोलले असते ते माझ्या डोक्यावरच्या परिणामात गेलं असतं. मला तिचं कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू. आणि राग इतका आला की उजवा हात थरथरायला लागला, म्हणजे बघणाऱ्यांची खात्रीच.

अंगठ्या झाल्या, पेढे वाटले, जेवणं सुरू झाली. घरातली वडीलधारी माणसं एका लांब टेबलाशी बसली होती. आत्या मध्ये, तिच्या शेजारी मुलाची आई, पलीकडे काका-काकू, आणि टोकाला बाबा. मी बाबांच्या मागे जाऊन उभी राहिले. माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. ज्याच्यावर ठेवला असता तो माणूस पुरी मोडत होता.

मी मोठ्याने विचारलं, "बाबा, माझा आजार मला कुणाकडून आला?"

चमचे थांबले. बाबांनी वर पाहिलं, माझ्याकडे नाही, आत्याकडे. जन्मभर त्यांनी तेच केलं होतं.

आत्या शांतपणे म्हणाली, "अरे, तिला घरी ने. दमलीये ती."

बाबांनी पुरी पानात ठेवली. पुसलेले हात पुन्हा पुसले. मला वाटलं, गेलं. आता हा माणूस उठेल आणि मला दंडाला धरून बाहेर नेईल.

"ती दमलेली नाही, ताई," ते म्हणाले. आवाज चिरका झाला होता. "दोघांकडून आलाय. हिच्या आईकडून अर्धा आणि माझ्याकडून अर्धा. आपल्या घराण्यात आहे ते. मला तीस वर्षं माहीत आहे. ताईलाही तितकीच वर्षं."

काकांनी विचारलं, "म्हणजे वहिनींना तुम्ही लोक जे..."

"तिला मी सांगितलंच नाही," बाबा म्हणाले. आणि त्या सगळ्यांसमोर, सत्तरीचा तो माणूस, ओंजळीत तोंड धरून रडायला लागला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला नाही. मी मागे उभी राहून बघत होते. मला ते रडणं हवं होतं आणि मला ते मिळालं होतं.

आत्या अजून हरली नव्हती. ती मुलाच्या आईकडे वळून हसली आणि म्हणाली, "आमच्याकडे जरा भावनिक आहेत सगळे. तुम्ही मनावर घेऊ नका, तसलं काही नाही आमच्यात."

मुलाची आई साधी बाई, पोस्टात नोकरी करणारी. म्हणाली, "अहो, आम्हाला माहीत आहे सगळं. दोघांची तपासणी झालीये ना. तुमच्या नातीत आहे, आमच्या मुलात नाही. काही घाबरायचं कारण नाही म्हणाले डॉक्टर."

आत्याचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तो मी आठवणीत जपून ठेवलाय, आणि मनाला बरं वाटेनासं झालं की काढून बघते. मुलाकडच्या सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणाला काही वाटलेलं नव्हतं. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "जेवून घ्या सगळ्यांनी, गार होतंय." कुणी जेवलं नाही. ज्या काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला होता त्या उठून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसल्या, आत्याकडे पाठ करून.

मंचावरून नात सगळं बघत होती. खाली आली, माझ्याजवळ थांबली आणि हळूच म्हणाली, "तू हो म्हणाली होतीस." बस्स, एवढंच. त्यानंतर सात महिने ती माझ्याशी बोलली नाही. लग्नाचं बोलावणं फक्त बाबांच्या नावाने आलं. तिचं बरोबर होतं. मला त्याचं वाईट वाटतं, पण पुन्हा तो दिवस आला तर मी पुन्हा तेच करेन, हेही खरं आहे.

मध्यंतरी बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं सुरू झाली होती, आधी दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. डॉक्टर म्हणाल्या, आता खा वाटेल ते. मी वरळी कोळीवाड्यातून पापलेट आणले. चोवीस वर्षांनी पहिला घास घेतला आणि मला काही चव कळली नाही, नुसतं मीठ लागलं. दुसऱ्या वेळी कळली. आणि मी अजून एक गोष्ट केली, जी कुणाला सांगण्यासारखी नाही. रविवारी मी माझ्यापुरता मासा तळायचे, आणि बाबांच्या पानात वरणभात आणि लोणच्याची फोड वाढायचे. त्यांनी एकदाही विचारलं नाही. खाली मान घालून जेवायचे. हे आम्ही चार महिने केलं. मग एका रविवारी त्यांचा वरणभात वाढताना मला एकदम कंटाळा आला, आणि मी एक तुकडी त्यांच्या पानात टाकली. माफी वगैरे नव्हती ती. दोन वेगळे स्वयंपाक करायचा कंटाळा होता.

होमोसिस्टीन अकरावर आलं. हात नव्वद टक्के परतला आहे, खडू धरता येतो, फक्त अक्षर पूर्वीइतकं सुबक येत नाही.

चंद्रपूरला आईची थोरली बहीण आहे, माझी मावशी. आत्याने एकदा तिचा अपमान केल्यापासून ती मुंबईला आलीच नव्हती. तिला मी फोनवर सगळं सांगितलं. मला वाटत होतं, ती खूश होईल. ती म्हणाली, "तिले सांगाले पायजे होतं न वं. आता मले सांगून का फायदा?" आणि रडत फोन ठेवला.

या उन्हाळ्यात आतेबहिणीचा फोन आला. आत्याची तब्येत उतरली आहे, तुला भेटायचं म्हणते. मी गेले. मे महिन्यातली दुपार होती, दादर स्टेशनपासून चालत. आत्या पलंगावर होती, साडीऐवजी गाऊनमध्ये. बारीक झाली होती. मी बसले नाही.

"मी तेव्हा माझ्या मुलीचं बघितलं," ती म्हणाली. "कुठल्याही आईने तेच केलं असतं."

"माझी आईही आईच होती."

तिने डोळे मिटले. "मग मी आता काय करू? माफी मागते तुझी."

"माझ्याकडे कशाला? मला थोडंच म्हटलंत, तुझ्या माहेरचं आलं म्हणून. जिला म्हटलंत तिच्याकडे मागा."

"ती कुठे आहे आता."

"तेच," मी म्हटलं.

पंखा फिरत होता. मग जुन्या सवयीने, घरात आलेल्या माणसाला म्हणतात तसं म्हणाली, "उन्हातून आलीस. पाणी तरी घे." आतेबहीण तांब्या-भांडं घेऊन दारात उभीच होती. माझ्या आजारात तहानलेलं राहणं वाईट. पाणी कमी पडलं की रक्त दाट होतं आणि हाडं धरतात. माझा घसा कोरडा पडला होता, जीभ टाळ्याला चिकटत होती.

"नको," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

तीन मजले उतरून कोपऱ्यावर आले. उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभी राहून दोन मोठे ग्लास प्यायले, एकामागोमाग एक.